नऊ मुलांची स्थानिक पालक

साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यामागे कर्मचाऱ्यांच्या क्वार्टरांची एक बैठी रांग होती. तिच्या टोकाच्या दोन खोल्यांत अनसूयाबाई शेलार राहत. दवाखान्यात त्या सिस्टर होत्या. वय बेचाळीस, अंगानं बारीक, चालणं कायम घाईचं. रविवारी सकाळी रांगेतली बाकीची माणसं उन्हात बसून दात घासत असत, तेव्हा बाई धुवट पातळ नेसून, खांद्याला पिशवी लावून निघालेल्या असत. कुठं निघालात असं कुणी विचारलं, तर म्हणत, “पोरांकडं.” नव्यानं राहायला आलेल्यांना वाटे, बाईंची मुलं बोर्डिंगात असतील. त्यांना मूल नव्हतं. नवरा लष्करात होता आणि लग्नानंतर दीड वर्षातच ट्रकच्या अपघातात गेला होता.

पोरं होती ती गावाकडच्या लोकांची. बाईंचं माहेर मेढ्याच्या पुढं, डोंगरातलं. एकोणसत्तर साली त्यांचा धाकटा भाऊ हंबीरराव आपल्या थोरल्या मुलाला घेऊन साताऱ्याला आला. शहरात डोंगराच्या उतारावर एका ट्रस्टनं निवासी शाळा काढली होती. सगळे तिला ‘वरची शाळा’ म्हणत. तिथं इंग्रजी होतं, बूट होते, सकाळी दूध होतं. अर्जात एक रकाना होता: स्थानिक पालकाचे नाव व सही. मूल आजारी पडलं, कुठं पडलं-लागलं, तर तासाभरात येऊ शकेल असं कुणीतरी गावात असायला हवं, असा शाळेचा नियम होता. हंबीररावानं अर्ज बहिणीपुढं ठेवला आणि तिनं सही केली. त्यात विचार करण्यासारखं काही तिला तेव्हा दिसलं नाही.

पुढच्या वर्षी त्याचा दुसरा मुलगा आला. मग चुलतभावाची मुलगी, मग गावच्या पोलीसपाटलाचे दोन नातू, मग जिचं नाव बाईंनी कधी ऐकलं नव्हतं अशा वाडीवरचा एक बाप, मुलाला आणि हंबीररावाची चिठ्ठी घेऊन. मे महिना उजाडला की बाईंच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेलीच असे. लोक पहाटेच्या एसटीनं येत, सोबत तांदळाची नाहीतर फणसाची भेट आणत आणि दिवसभर शाळा तोलत बसत. वरची बरी की खालची? खालची म्हणजे पेठेतली जुनी संस्थेची शाळा. तिथले मास्तर कडक, निकाल चांगला, आणि तिथून शिकून माणसं मामलेदार झालेली सगळ्यांना माहीत. पण तिथं मुलं मांडी घालून जेवत आणि वरच्या शाळेत टेबलावर. एकदा एक बाप दुपारभर या टेबलापाशीच अडून बसला होता. टेबलावर जेवलेला पोरगा पुन्हा घरी पाटावर बसेल का, हे त्याला कळत नव्हतं.

दोन्हीकडं अर्ज करायचा असं शेवटी ठरे. त्यात वरच्या शाळेच्या अर्जात विचारलेलं असे, की आणखी कुठं अर्ज केला आहे काय, असल्यास पसंतीचा क्रम लिहा. या ओळीची लोकांना फार भीती वाटे. खरं लिहावं तर दुसऱ्या शाळेला राग येईल, खोटं लिहावं तर सापडू. ती ओळ भरायचं काम बाईंकडं येई. खालच्या शाळेच्या म्हाताऱ्या हेडमास्तरांनी एकदा त्यांना थांबवून विचारलं होतं, की तुमच्या सगळ्या मुलांची आम्ही दुसऱ्याच पसंतीची शाळा का? बाई नुसत्या हसल्या आणि दवाखान्याला उशीर होतो म्हणून निघाल्या.

सत्त्याहत्तर सालापर्यंत वरच्या शाळेत बाईंच्या सहीची नऊ मुलं झाली. गालगुंड आलं, तेव्हा चौघांना एकदम आलं. बाईंनी रजा काढून त्यांचे गाल शेकले. चुलतभावाची मुलगी आठ वर्षांची असताना शाळेतून निघून एसटी स्टँडवर जाऊन मेढ्याच्या गाडीत बसली होती. कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून ती दवाखान्यात पोचली. त्या दिवशी ती बाईंच्या मांडीवर झोपली आणि उठल्यावर घरी जायचंय असंच म्हणत राहिली. संध्याकाळी बाईंनी तिला परत नेऊन सोडलं. पालकसभेला त्या एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जात. कुणाचं गणित कच्चं, कुणाचं अक्षर वाईट, कुणी उशी ओली करतो. सगळं ऐकून घेत आणि कार्ड लिहून गावाकडं कळवत. गावाकडून उत्तर येई, की तुम्ही आहात म्हणून आम्हाला घोर नाही.

त्या वर्षी मे महिन्यात वरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. या मुख्याध्यापिका नव्या होत्या, वागायला सरळ. त्यांनी समोर नऊ अर्ज ठेवले होते. नवांवर एकच सही.

“तुम्हालाच ताप आला, तर या नऊ मुलांकडं कोण बघणार?” त्यांनी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं, की आहेत ती मुलं राहू देत, पण यापुढं एका माणसाला इतकी मुलं घेता येणार नाहीत. अनसूयाबाईंच्या नावावर यंदा फार तर एक नवं मूल घेऊ, आणि तेच शेवटचं. बाईंनी मान हलवली. बाहेर पडल्यावर त्या उतारावरच्या कट्ट्यावर जरा बसल्या. एकच सही करायची हे ऐकून त्यांना बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटत होती.

शुक्रवारी हंबीरराव आला. त्याचा तिसरा मुलगा अर्जुना चौथी पास झाला होता. त्यानं भरलेला अर्ज बहिणीच्या हातात दिला, जेवला आणि लोणंदच्या बाजारात काम आहे, परवा परत येतो, असं सांगून गेला. नवा नियम सांगायचं बाईंच्या मनात होतं, पण तो बोलत असताना त्यांना फट सापडली नाही.

शनिवारी सुभेदार लालासाहेब आले. हे त्यांच्याच गावचे, पेन्शनीवर आलेले, सत्तरीला टेकलेले. सोबत नात होती, अंजना. मुलगा सैन्यात, कुठंतरी आसामकडं. सून शेत बघायची. नातीचं सगळं आजोबाच करत. आठ वर्षांत या माणसानं बाईंकडं कधी काही मागितलं नव्हतं. उलट बाई विधवा झाल्या तेव्हा सासरचे त्यांना घराबाहेर पडू देईनात, तर यानंच सासऱ्यासमोर बसून परवानगी मिळवली होती. मग मिरजेला नेऊन नर्सिंगला घातलं होतं आणि प्रवेश होईपर्यंत तीन दिवस तिथल्या धर्मशाळेत मुक्काम केला होता. बाईंच्या त्या वेळच्या अर्जावर पालक म्हणून सही लालासाहेबांची होती.

“पोरगी हुशार हाय, अनसू,” ते म्हणाले. “वरची मिळाली तर वरची, न्हाईतर खालची. पन पयली वरची लिहिलीया.”

त्यांनीही अर्ज ठेवला. साताऱ्यातल्याच एका नातेवाइकाकडं उतरतो, उद्या येतो, म्हणाले.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस सोमवार होता. शनिवारी दुपारची ड्युटी संपवून बाई घरी आल्या आणि दोन्ही अर्ज समोर घेऊन बसल्या. हंबीररावाची दोन मुलं वरच्या शाळेत आधीच होती. तेव्हा न्यायानं अंजनाचं नाव घालायला हवं. पण सख्ख्या भावाला नाही म्हटलं तर माहेरचा उंबरा बंद. लालासाहेबांना नाही म्हटलं तर आपल्याच पोटात तुटणार. असा हिशेब त्यांनी दोन-तीनदा इकडून तिकडं केला. मग त्यांनी अंजनाच्या अर्जावर पेन टेकवलं. मुलगी पाचवीत जाणार, म्हणजे दहावीपर्यंत सहा वर्षं. बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होणार. सहा वर्षांचे रविवार, गालगुंड, कार्डं. पेन तिथंच राहिलं. दोघांतलं कोण हा प्रश्नच नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना कुणाच्याच अर्जावर सही करायची नव्हती. आपल्याला हे किती वर्षांपासून वाटत असेल, याचाही त्यांना पत्ता लागेना.

सांगलीच्या दवाखान्यात जागा रिकामी असल्याचं पत्रक महिनाभर नोटीस बोर्डावर लागलेलं होतं. साताऱ्यात बस्तान बसलेल्या सिस्टरांपैकी कुणी तिकडं जायला तयार नव्हतं. रविवारी सकाळी बाईंनी बदलीचा अर्ज लिहिला आणि मेट्रनबाईंच्या घरी नेऊन दिला. त्या रविवारी त्या वरच्या शाळेत गेल्या नाहीत.

दुपारी दोघंही आले, हंबीरराव आधी आणि पाठोपाठ लालासाहेब. एकमेकांना बघून दोघांनाही कळलं, की दुसराही त्याच कामासाठी आला आहे. बाईंनी चहा दिला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. शाळेचा नवा नियम सांगितला, सांगलीला बदली मागितल्याचं सांगितलं, आणि सही करणार नाही, हेही सांगितलं.

हंबीरराव आधी समजूत घालू लागला. सांगली उष्ण आहे, तिथं आपलं कुणी नाही, ही दोन पोरं अर्ध्यात लटकतील. मग त्याचा आवाज चढला.

“आक्का, एका सहीनं तुझं काय झिजतंय?”

बाईंनी दोन्ही अर्ज दोघांच्या पुढं ठेवले.

“मला रविवारी झोपायचं हाय, हंबीर,” त्या म्हणाल्या.

भावाला ते उत्तर चेष्टेचं वाटलं. तो उठला, अर्ज उचलून घेतला आणि चहाला हात न लावता निघून गेला. लालासाहेब बसून राहिले. अंजना दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला त्यांनी बाहेर नळावर हात धुऊन यायला सांगितलं.

“आठ वरसं झाली,” ते म्हणाले. “लोकांनी पोरं आनून घातली नि जेवून मागं गेली. तुला जमतंय का म्हून कुनी इचारलंच न्हाई. मी बी न्हाई.”

बाईंना रडू आलं नाही. त्या म्हणाल्या, की तुमचं नाव टाळताना फार जड गेलं. म्हाताऱ्यानं अर्जाची घडी घालून टोपीत ठेवली आणि राहू दे म्हणाला.

जूनमध्ये बदलीचा हुकूम आला. तोवर बाईंना बरंच निस्तरावं लागलं. नवांपैकी पाच जणांना दुसरे पालक मिळाले. त्यांतल्या तिघांना पोवई नाक्यावरच्या एका कापड दुकानदारानं घेतलं. पाटलाचे नातू खालच्या शाळेच्या वसतिगृहात गेले. हंबीररावाच्या दुसऱ्या मुलाला मेढ्याच्या हायस्कुलात घालावं लागलं. सामान बांधताना तो बाईंशी बोलला नाही आणि त्यांच्याकडं बघायचंही त्यानं टाळलं. थोरल्याचं दहावीचं वर्ष होतं. त्याच्यापुरती सांगलीहूनही बाईंचीच सही चालेल, अशी मुख्याध्यापिकाबाईंनी मुभा दिली. त्या वर्षी बाई सांगलीहून तीनदा त्याला भेटायला आल्या. तो पास झाला. भावानं ते कळवलं नाही. बाईंनी निकाल वर्तमानपत्रात पाहिला.

लालासाहेबांचं मात्र वेगळंच झालं. त्यांनी अंजनाला खालच्या शाळेत घातलं आणि बोर्डिंगात न ठेवता स्वतःच साताऱ्यात येऊन राहिले. शनिवार पेठेत एक खोली, एक स्टोव्ह. त्यांनी बाईंना आंतरदेशीय पत्र धाडलं. त्यात लिहिलं होतं, की पलटणीत चाळीस जणांचा स्वयंपाक बघितला होता, पण एका पोरीची वेणी घालायला महिना लागला. शाळा बरी आहे. मास्तर मारत नाहीत, निदान मुलींना तरी. सुनेला शेतात एकटीला राबावं लागतं, त्याचं वाईट वाटतं. पत्रात बाईंसाठी सल्ला नव्हता की बोल नव्हता.

सांगलीत बाईंना नदीकडच्या बाजूला एक खोली मिळाली. पहिले कितीतरी रविवार त्या सवयीनं लवकर उठत, अंघोळ करत आणि मग कॉटवर बसून राहत. पुढं हळूहळू झोप लागू लागली. कधी कधी दुपारी दोनला जाग येई. डोकं जड असे, आणि सगळा दिवस गेल्याचं वाईटही वाटत नसे. शिणवटा गेला असं मात्र म्हणता येणार नाही. वॉर्डात तो तसाच होता.

एकोणऐंशी सालच्या वैशाखात चुलतभावाच्या घरी रविवारचं लग्न निघालं. पत्रिका टपालानं आली. बाई गेल्या. मांडवात त्यांच्या सहीची काही मुलं पंक्तीला वाढत होती. उंच झालेली, आवाज फुटलेली. दोघांनी वाकून नमस्कार केला. हंबीररावाचा दुसरा मुलगा पाण्याचा जग घेऊन दोनदा त्यांच्या पानापुढून गेला. तिसऱ्यांदा थांबून त्यानं पेला भरला आणि म्हणाला, “आत्या, जिलबी हाय अजून.” त्यांनी एक घेतली.

जेवणं झाल्यावर बायका मांडवाच्या कडेला बसल्या. कुणाच्या तरी मुलाचं पाचवीचं चाललं होतं. वरची, खालची, आता पाचगणीचीही एक. बायकांनी बाईंना सरकून जागा करून दिली आणि त्यांचं मत विचारलं. बाई म्हणाल्या, की वर्ष झालं साताऱ्याला पाऊल टाकलेलं नाही, काही माहीत नाही. बायका पुन्हा आपसात बोलू लागल्या. हंबीरराव लांबून आला, बहिणीची पिशवी उचलली आणि पाचची गाडी धरायची तर निघायला हवं, एवढंच म्हणाला. स्टँडपर्यंत तो सोबत चालला. यंदा भाताचं बी कुठलं आणलं ते त्यानं सांगितलं. गाडीत त्यांना खिडकीजवळची जागा मिळवून दिली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभा राहिला.

कऱ्हाडच्या अलीकडंच बाईंना झोप लागली. सोमवारी सकाळी सातची ड्युटी होती.