तांब्यातला खडा

नववीत शाळा सुटली. पुढं हिंगोलीकडून बारामतीला शिवणकामाच्या दुकानात आले, तेव्हा मी वीस वर्षांची होते. दहावीची परीक्षा द्यावी म्हणून बाहेरून शिकणाऱ्यांच्या वर्गात नाव घातलं. तिथल्या मुलांचं एक सेवा मंडळ होतं. त्यांनीच मला अपूर्णांक शिकवले, फुकट. ते उपकार मी विसरलेले नाही. म्हणून तर त्या मंडळात जायचं फार मनात होतं; परक्या गावात आपलं म्हणायला दुसरं कोण होतं?

रीत अशी: उमेदवाराने सहा रविवार जवळच्या सांगवी गावात सांडपाण्याचे शोषखड्डे खणायचे. मग सभासद दार लावून बसायचे. प्रत्येकाने तांब्यात मूठ घालायची आणि ज्वारीचा दाणा टाकायचा, नाहीतर खडा. एक खडा निघाला, की पुन्हा सहा रविवार. कारण विचारायचं नाही.

मला दोनदा खडा आला. माझ्यामागून आलेली, टिकाव धड धरता न येणारी पोरं आत गेली. मी दुकानात शर्टांची काजं करता करता तेच उगाळत बसे. जास्त बोलले? कमी बोलले?

शेवटी मंडळाच्या म्होरक्याला, दादाला, एसटी स्टँडवर गाठलं.

"माझं चुकतं काय, तेवढं सांगा."

"सांगायचं न्हाय, ठरलंय."

"मग सुधारू कशी?"

तो कान खाजवत म्हणाला, "जिथं खड्डा खणती त्या घरची भाकरी खाती तू. आपण कुणाच्या घरचा चहाबी घेत न्हाय. सगळ्यांना म्हाईत हाय की."

सगळ्यांना! मला कुणी सांगितलं होतं? आमच्याकडं पुढं आलेली भाकरी नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान.

तिसऱ्या खेपेला पाच रविवार मनावर दगड ठेवून नको म्हटलं. सहाव्याला काम बौद्ध वस्तीत होतं. घरातल्या आजीने ताट आणलं.

"नको आजी, आमचा नियम आहे."

ताट धरून ती तशीच उभी राहिली. "व्हय, ठाव हाय. लई जुना नियम हाय त्यो, आमच्या हातचं न खायाचा."

मी टिकाव बाजूला टाकला आणि जेवायला बसले.

"तसं न्हाय, आजी," खड्ड्यातून दादा घाईघाईने म्हणाला.

"मग ये की वर. तूबी खा."

तो वर आला नाही. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी तांबा उपडा झाला. या खेपेला खडे दोन निघाले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले, उमेदवार म्हणूनच.