मंचावर यावे, ही विनंती

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा मला अजून राग येतो. माणूस वाईट नव्हता, म्हणूनच जास्त येतो. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. हा सगळ्यांचा मान राखणारा होता. कोणाला वगळायचं नाही, कोणाला दुखवायचं नाही, आणि आपल्या या गुणाचं त्याला भारी कौतुक.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवी मुंबईत खाडीवर भराव टाकून उभारलेल्या इमारतींमध्ये आम्ही नुकते राहायला आलो होतो. मी तळोज्याला एका केमिकल कंपनीत सेफ्टी डिपार्टमेंटची टायपिस्ट होते. दिवसभर परवाने टाइप करायचे. टाकीत उतरायचा परवाना, उंचावर चढायचा परवाना, वेल्डिंगचा परवाना. प्रत्येकात तेच रकाने: काय बिघडू शकतं, कोणाला लागू शकतं, त्यावर काय उपाय केला. साहेबाची सही झाल्याशिवाय फिटरने पान्याला हात लावायचा नाही. एक सूचना तर मी इतक्यांदा टाइप केली होती की कागदाकडे न बघता बोटं चालायची. वर भार असताना खाली माणूस नको.

सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असायची आणि संध्याकाळी कार्यक्रम. आदल्या वर्षी मागच्या रांगांना काही दिसलं नाही म्हणून बरीच कुरकुर झाली होती. त्यामुळे या वर्षी मंच पाच फूट उंच करायचा ठरलं. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की खाली एवढी जागा मोकळी आहे तर ती वाया का घालवा, चारी बाजूंनी पडदे लावून नाचणाऱ्या मुलींना कपडे बदलायला द्या. मुली आठ होत्या, नऊ-दहा वर्षांच्या. त्यात माझी मुलगी होती आणि माझ्या समोरच्या दारातल्या बाईंची मुलगी होती. या बाई साताऱ्याकडच्या, त्यांचे मालक मार्केटमध्ये पोती उचलायचे. दोघी मुली सकाळी एका रिक्षाने शाळेत जायच्या आणि संध्याकाळी आमच्या जिन्यात बसून भांडायच्या.

मंडपवाला जवळच्याच गावचा होता. तो बांबू बांधत होता तेव्हा मी त्याला विचारलं, किती माणसं चालतील?

"धा-बारा मानसं चालतील, वैनी. पोरी नाचतील, त्याचा काय नाय. जास्ती नको." त्याने पायाने जमीन दाबून दाखवली. "इथं आमचं मिठागर होतं. वरती माती टाकलीय, खाली चिखलच हाय."

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. मंचावर दहाच्या वर माणसं नकोत, आणि मुलींना तळमजल्यावरच्या एखाद्या घरात कपडे बदलू द्या. दोनच गोष्टी मागितल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "मॅडम, ही तुमची कंपनी नाय," आणि सगळा हॉल हसला. सेक्रेटरीही हसला. "टेन्शन घेऊ नका हो, बघू आपण." खजिनदाराची बायको मात्र हसली नाही. तिने नाक मुरडलं आणि म्हणाली, "पूजा तोंडावर आलीय. असं अभद्र बोलू नये." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कंपनी मला वाईट कल्पना करण्याचा पगार देते आणि इथे तीच कल्पना म्हणजे अपशकुन. तळमजल्यावरच्या तिघींपैकी एकीनेही घर देते म्हणून तोंड उघडलं नाही. नुकत्याच लाद्या पुसल्या असतील. समोरच्या बाई कोपऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या.

त्यानंतर आठवडाभर जिन्यात भेटेल तो मला विचारायचा, "काय मॅडम, परवाना आहे ना वर चढायचा?" मी चिडायचे, मग चिडायचीही लाज वाटायला लागली. शेवटी मी मिठाची गुळणी धरून बसले. ही माझी चूक, ती दुसऱ्या कोणाच्या नावावर खपवता येत नाही.

सव्वीस तारखेला मंचावर सहा खुर्च्या होत्या. सेक्रेटरीने माइक घेतला आणि सुरू झाला. आजी अध्यक्ष, माजी अध्यक्ष, शेजारच्या सोसायटीचे अध्यक्ष, शाळेच्या बाई, पाण्याची लाइन आणून देणारे गृहस्थ, त्या गृहस्थांचे मेहुणे. "यांनीही मंचावर यावे, ही विनंती." ज्याचं नाव घेतलं तो आधी नको नको म्हणायचा आणि मग चढायचा. कमिटीचे लोक हार घेऊन चढले, त्यांच्या बायका नारळ घेऊन चढल्या. मी मोजत होते. एकोणीस झाले तेव्हा मी उठले.

पडदा सारून आत गेले. वाकून चालावं लागत होतं. डोक्यावरच्या फळ्या कुरकुरत होत्या आणि एका कोपऱ्यातला बांबू वीतभर मातीत गेला होता. आठही मुली घोळक्याने एकमेकींना पिना लावत होत्या. सगळ्यांना बाहेर काढायचं तर मला ओरडावं लागलं असतं, माइक थांबवावा लागला असता, वरचे एकोणीस जण खाली उतरवावे लागले असते. आणि काही झालं नसतं तर? पुढची दहा वर्षं मला त्याच जिन्यातून वर जायचं होतं.

मी माझ्या मुलीचा हात धरला. म्हटलं, "चल, आजी आलीय बाहेर, तुला बघायचंय तिला." आजी पुण्याला होती. समोरच्यांच्या मुलीने विचारलं, "काकू, हिचा गजरा राहिलाय, परत येणार ना ही?" मी म्हटलं, "येते लगेच."

आम्ही वडापावच्या टेबलापर्यंत पोचलो असू. मंच धाडकन पडला नाही, एका बाजूने बसला. वरची माणसं खुर्च्यांसकट त्या बाजूला घसरली, एकमेकांना धरून उभी राहिली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. खाली सहा मुली दुसऱ्या बाजूने बाहेर आल्या. सातवीच्या पायावर फळी होती.

मांडीचं हाड मोडलं होतं. कमिटीने मंडपवाल्यावर सगळं ढकललं आणि हात झटकले. खजिनदाराची बायको मला ऐकू जाईल अशा बेताने दोघीतिघींना म्हणाली की तरी मी सांगत होते, अभद्र बोलू नये.

तिसऱ्या दिवशी मी समोरच्यांच्या घरी वरण-भाताचा डबा घेऊन गेले. मुलगी आतल्या खोलीत झोपली होती, कमरेपासून प्लॅस्टर. बाईंनी डबा घेतला, ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"मीटिंगमदी तुमी बोलला व्हता, ते म्या ऐकलं व्हतं. तवा मलाबी कळलं न्हाई, माजीबी चूक हाय. पर त्या दिशी तुमी आत आला आन् तुमची तेवढी घिऊन गेला. पोरीनं सांगितलं मला." त्यांनी पदराने हात पुसले. "का न्हाई वरडला?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "लोक हसले असते."

"मग हसू द्यायचं हुतं की, ताई."