गोणपाटातली सीट

तापीकाठच्या प्रकाशा गावचे लोटनभाऊ नसते, तर आज माझी नोकरी राहिली नसती. ते मोटारसायकलच्या सीटा शिवतात. त्यांचं नाव आधी लिहितो, कारण मी सगळ्यात जास्त संशय घेतला तो त्यांच्यावरच.

मी सांगलीकडचा. आठवीत शाळा सुटली, फौजेत कुक म्हणून भरती झालो. कंबर मोडून पेन्शनवर आलो. आता म्हसावदजवळ एका गोदामावर गार्ड आहे. खोली शहाद्यात, ड्यूटी सकाळी सहाला, त्या वेळी बस नाही, म्हणून मोटारसायकलने जातो. डॉक्टरांनी बजावलं, सीट बदला, नाहीतर गाडी सोडा. गाडी सोडली की नोकरी गेली. आठवी शिकलेल्याला या परमुलखात दुसरं कोण विचारणार? बाजारातल्या दोन सीटा बसवून पाहिल्या. पाय बधिर व्हायचे.

लोटनभाऊंनी मला तापीच्या ओल्या वाळूवर बसवून माझा ठसा मोजला. मग प्रश्न सुरू झाले.

"रोज कोन्या रस्तावरथीन जातस? कितला वाजता निंघतस?"

"कशाला?"

"मांगे कोनी बसस का?"

"नाही."

पुढे मी तोंड उघडलं नाही. आपली वेळ आणि वाट अनोळखी माणसाला सांगायची नसते. दुसऱ्या दिवसापासून मी रस्ताही बदलला.

पाचव्या दिवशी ०७१० वाजता राउंड मारून गेटवर आलो. खांबाला गोणपाटाचं गाठोडं टेकवलेलं. जवळ कोणी नाही. खालून तार बाहेर आलेली.

शिट्टी मारली. "सगळे गोदामामागे!" हमाल पळाले. वॉकी-टॉकीवर सुपरवायझरना कळवलं, "मेन गेट. बेवारस वस्तू. तार दिसतेय. कोणी येऊ नका. ओव्हर." आणि जमिनीवर आडवा झालो.

समोरच्या टपरीवरून एक माणूस चहाचे दोन ग्लास घेऊन सरळ गाठोड्याकडे निघाला. लोटनभाऊ.

"थांबा! हात लावू नका!"

"ओ फौजी, मन्ही सीट शे ती! मन्हा कामले लोके नावं ठेवतस, पन सीट दखीसन जमिनवर झोपनारा तुम्ही पयलाच!"

हमाल हसले. तार गाठोडं बांधायची होती.

"इथला पत्ता कुणी दिला?" मी उठत विचारलं.

"तुमना शर्टवर गोदामनं नाव शे. तुम्ही रस्ता सांगा नही, म्हनीसन मीच दखाले उनू. खड्डा दखीसन फोम ठरस."

मग मी त्यांना सांगितलं. फौजेत आमचे नाईक, खोत, गाडीत पुढे होते, मी मागे जेवणाच्या डब्यांपाशी. रस्त्याकडेला एक पोतं दिसलं. "कुक, तू गाडीतच थांब. जेवण सांभाळ," म्हणाले आणि एकटे उतरले. वेळ १२४०. पोत्यातला बॉम्ब फुटला. खोत गेले, माझी फक्त कंबर गेली.

लोटनभाऊ हसायचे थांबले. चहाचा एक ग्लास माझ्या हातात दिला आणि सीट बसवली. मागची जागाही तितकीच मऊ केली होती.

"मागे कोणी बसत नाही म्हणालो होतो ना?"

"रिकामी सीट कडक ठेवानी नही, भाऊ."

आता मी म्हसावदपर्यंत न थांबता जातो. मागे अजून कोणी बसलेलं नाही. खोतांच्या गावी शाळेसमोर त्यांच्या नावाचा दगड आहे. एक दिवस लोटनभाऊंना याच सीटवर मागे बसवून तिथे नेणार आहे. दोघांचे उपकार फेडायचे तर तिथूनच सुरुवात करीन.