अँप्लिफायरमधलं कुंकू

तो मिस्त्री मला आवडला नाय, आजही आवडत नाय. पनवेलच्या बाजारात जुने अँप्लिफायर खोलणारा तो एकटाच उरलाय, म्हणून गेलो. माझा अँप्लिफायर मुका झालेला. पोरगा म्हणाला, "बाबा, भंगारात द्या, नवा ब्लूटूथचा डबा स्वस्तात येतो." मी म्हटलं, "ज्याच्यावर गावातल्या साऱ्या हळदी वाजवल्या, तो भंगारात? आधी मला टाक भंगारात!"

मिस्त्रीनं झाकण काढलं, वास घेतला आणि चोराकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं.

"चाचा, मशीन बिघडली नाय, तुम्ही बिघडवलीत."

दर दसऱ्याला वाहिलेलं हळदकुंकू जाळीतून आत पडून पार्टांवर थापून बसलं होतं.

"पूजा केलीत, पण पुसली कधी?"

माझं टाळकं सरकलं. माझ्या पोराच्या वयाचा, आणि मला शिकवतो!

तो मान खाली घालून बारीक ब्रशनं एकेक पार्ट झाडत राहिला. कुंकू फुंकून उडवलं नाय. कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, "तुमच्या देवाचं हाय, मी कसं फेकू?"

आवाज पहिल्यासारखा घुमला. तरी मी शाबासकी दिली नाय.

आता रोज सकाळी अँप्लिफायर पुसतो. त्यानं सांगितलं म्हणून नाय, माझा हाय म्हणून.