खुशालरावांच्या नावाचा आकार

सरोजिनीबाईंना राग यायला तसाही वेळ लागत नसे, पण स्टाइलशीट शिकायला लागल्यापासून तो जातच नव्हता. अमरावतीत त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान. आता लोकांना छापील पत्रिकेबरोबर मोबाइलवर उघडणारं पानही हवं असायचं, म्हणून पन्नाशी उलटल्यावर बाई भाचीकडून, इशिताकडून, फोनवर धडे घेत होत्या. मजकूर एकीकडे लिहायचा आणि त्याचं अक्षर केवढं, रंग कोणता, हे स्टाइलशीटमध्ये दुसरीकडे सांगायचं. एक अर्धविराम राहिला की मेहनत पाण्यात.

बाई प्रत्येक नावाला वेगळा नियम लिहीत. इशितानं झापलं, "मावशी, सारख्या दिसणाऱ्या नावांना एकच क्लास, म्हणजे गटाचं एकच नाव दे, आणि त्या गटाचा नियम एकदाच लिही!" बाईंनी मुकाट्यानं ऐकलं आणि तिथंच फसल्या.

नांदगाव पेठेजवळचे खुशालराव मुलीच्या, प्राजक्ताच्या, लग्नाचं पान बघायला आले. निमंत्रकांत ते आणि धाकटा भाऊ पुंजाजी. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणावरून दोघांत अबोला. काका मांडवात हवाच, म्हणून प्राजक्तानं हट्टानं त्याचं नाव घालायला लावलं होतं. पण पुंजाजी 'मी येत नाही' म्हणत अडून बसलेला.

"माहं नाव मोठं करा," खुशालराव म्हणाले. "त्याचं राहू द्या बारीक."

बाईंनी नियमातला अक्षराच्या आकाराचा आकडा वाढवला आणि त्यांना मोबाइलवर दिसावं म्हणून पान इंटरनेटवर चढवलं. दोन्ही नावं मोठी झाली होती.

"हे काय करून राहिल्या बाई? त्याचं कावून वाढवलं?"

"मी नाही वाढवलं हो! दोघांना नियम एकच आहे, त्याला मी काय करू?"

मग पुंजाजीचं नाव बारीक करायला त्यांनी निराळा नियम लिहिला. पान ढिम्म. पुन्हा लिहिला. पुन्हा ढिम्म. इशिता फोन उचलेना. लॅपटॉप उचलून समोरच्या नालीत टाकावा, असं बाईंना अगदी मनापासून वाटलं. शेवटी सापडलं: क्लासच्या नावाआधी द्यायचं टिंब राहिलं होतं. ते घालताच पुंजाजी बारीक झाला. बाईंचा जीव भांड्यात पडला. आता फक्त पान पुन्हा चढवायचं होतं.

इतक्यात खुशालरावांचा फोन वाजला. प्राजक्ताचा आवाज दुकानभर ऐकू आला.

"बाबा, तुमी काकाचं नाव तुमच्याएवढंच मोठं केलं! काकाले लिंक पाठवली होती म्या. मांडव टाकाले मीच येतो म्हणते काका!"

खुशालरावांनी फोन खिशात ठेवला. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं चष्मा पुसला.

"बाई, मघाचंच राहू द्या."

"अहो, एक टिंब शोधता शोधता माझे डोळे फुटायची वेळ आली, आणि आता ते पुसू?"

पण त्यांनी पुसलं.

"अन् दोघायचंबी आनखी थोडं मोठं होते काय?"

"होतं," बाई करवादल्या. "एकच तर आकडा बदलायचाय."