जपानी संघाच्या मैत्रीगाथा

माझ्या वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनी आमच्या समाजमंदिरात, भंतेजींच्या समोर, एका जपानी मुलाने एका जपानी मुलीचा मुका घेतला. त्याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.

मी तेव्हा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कारकून होतो आणि माझं इंग्रजी उत्तम आहे अशी माझी समजूत होती. (ती साहेबांनी करून दिली होती. साहेबांचं स्वतःचं इंग्रजी मी नीट ऐकलं असतं तर इतकी मनावर घेतली नसती.) बाबा मनमाडला रेल्वेत सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. निवृत्त झाल्यावर आईला घेऊन माझ्याकडे कॉलनीत राहायला आले आणि दुसऱ्याच वर्षी एका सकाळी दाढी करता करता गेले. अर्धी दाढी राहिली होती. ती नंतर मी केली. माणसाच्या आयुष्यात अशी कामं येतात, आणि ती कशी करायची हे कुणी शिकवलेलं नसतं.

त्यानंतर आई बोलायची, पण कामापुरतं. बाबांना फाटकाशी आल्यावर खोकायची सवय होती. त्या वर्षात शेजारचं कुणीही खोकलं तरी आई उठून चहाचं आधण ठेवायची, मग लक्षात आलं की तसंच उतरवून ठेवायची. शेजाऱ्यांना बिचाऱ्यांना खोकायची चोरी झाली होती.

एकदाच ती आपणहून बोलली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझ्या बापानं मला एक पिक्चर दाखवायचा राहिला."

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. मनमाडला दर शुक्रवारी नव्या सिनेमाची जाहिरात करत टांगा फिरायचा. आई दारातून विचारायची, "कशाचा हाय?" बाबा म्हणायचे, "थेरं आहेत नुसती. बुद्धाचा पिक्चर लागू दे, पहिल्या रांगेत बसवतो तुला." तीस वर्षं मनमाडला बुद्धाचा पिक्चर लागला नाही. मारामारीचे लागले, नागिणीचे लागले, एक तर हत्तीचा लागला! आईनं थिएटर फक्त बाहेरून पाहिलं.

मी ठरवलं की बाबांचा शब्द आपण पुरा करायचा.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर कुलकर्णी होते. ते नाशकातल्या एका फिल्म सोसायटीचं काम बघायचे.

"कुलकर्णी, बुद्धावरचा एखादा सिनेमा मिळेल का हो?"

"बुद्धावरचा नाही बुवा. एक जपानी पडलाय, सोमवारी परत पाठवायचाय. मी पाहिला नाही अजून. हे पत्रक बघा."

जपानी! माझ्या अंगावर काटा आला. जपान म्हणजे बौद्ध देश. तिथे कुणी सिनेमा काढला तर तो आणखी कशावर काढणार? पत्रकावरचं नाव मला आजही उच्चारता येत नाही, पण खाली इंग्रजीत एक ओळ होती: 'बेस्ड ऑन द लव्ह साँग्ज ऑफ अ पॉप ग्रुप.'

ही ओळ मी उत्तम इंग्रजीच्या जोरावर सोडवली. ग्रुप म्हणजे समूह, म्हणजे संघ. पॉप हे पॉप्युलरचं छोटं रूप. (हे बरोबर निघालं. अख्ख्या ओळीत एवढंच.) साँग्ज म्हणजे गाथा. राहिलं लव्ह. संघाच्या गाथांमध्ये प्रेम असून असून कसलं असणार? मैत्री आणि करुणा! कुलकर्ण्यांना एकदा विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण इंग्रजी चांगलं असलेला माणूस विचारत नाही.

मी पत्रिका सायक्लोस्टाइल करून घेतल्या: 'सकाळी वंदना व पुण्यानुमोदन. भोजनोत्तर, जपानमधील सुप्रसिद्ध संघाच्या मैत्रीगाथांवर आधारित चित्रपट. निवेदन: सुधाकर.' निवेदन अशासाठी की पडद्यावर खाली इंग्रजी ओळी येणार होत्या आणि त्या मी माइकवरून मराठीत सांगणार होतो. पत्रिका आईला वाचून दाखवली. ती हात पुसत म्हणाली, "म्हंजी ह्यांचा शब्द खरा झाला." त्या रात्री मी फार शांत झोपलो.

दिवस उन्हाळ्याचा. जेवणं झाल्यावर समाजमंदिराच्या खिडक्यांवर सतरंज्या लावून अंधार केला. सगळ्यांनी पांढरे कपडे घातलेले. पुढे खुर्चीवर वृद्ध भंतेजी, त्यांच्या मागे पहिल्या रांगेत आई, तिच्या मांडीवर बाबांचा हार घातलेला फोटो. ("त्यांना बी दिसू दे," ती म्हणाली.) शेजारी मनमाडची आत्या, बाबांची थोरली बहीण. आत्याला हळू बोलता येत नाही. तिची सगळी उमर रेल्वेच्या रुळांशेजारी गेली.

कुलकर्ण्यांनी प्रोजेक्टर सुरू केला. मी माइकमध्ये फुंकर मारून म्हणालो, "आता पहिली गाथा सुरू होत आहे." सगळ्यांनी हात जोडले.

पडद्यावर आखूड फ्रॉक घातलेली एक मुलगी आली आणि सायकल चालवू लागली. मागे गिटार वाजत होती. गाणं लांबलचक होतं. गाथा चालू असताना हात कसे सोडायचे? ते संपेपर्यंत अख्खं समाजमंदिर सायकलवरच्या त्या मुलीला हात जोडून बसलं होतं.

मग चहाच्या दुकानात खांद्यापर्यंत केस वाढवलेले चार तरुण दिसले. गाणारे तेच.

"सुध्या," आत्या अंधारातून ओरडली, "ह्योच का संघ? केस लय वाढलेत!"

"यांची दीक्षा व्हायची आहे अजून," मी माइकवरून सांगितलं.

घोळ माझ्या लक्षात आला तो तेव्हा. कुलकर्ण्यांकडे पाहिलं तर ते कपाळाला हात लावून बसले होते. बंद करावा, तर आई मान उंच करून बघत होती, आणि फोटोतले बाबाही. मी कारकुनी मार्ग काढला. सिनेमा चालू ठेवायचा आणि शब्द बदलायचे.

मुलगा नदीकाठी मुलीला म्हणाला की तुझ्याशिवाय मला झोप येत नाही. मी सांगितलं, "तो म्हणतो, जीवनात दुःख आहे."

मुलगी लाजून म्हणाली की मलाही येत नाही. "ती म्हणते, दुःखाला कारण आहे. ते म्हणजे तृष्णा!"

"लय शिकलेली दिसती," आत्या म्हणाली.

मुलगा नोकरीसाठी शहराला निघाला. मुलगी स्टेशनवर. गाडी आली, आणि त्या सबंध वर्षात पहिल्यांदा आई मोठ्यानं बोलली. "आवं, सिग्नल पडला नाय अजून, गाडी कशी घेतली आत?"

मागच्या रांगांत हसू फुटलं. आई हसली नाही. ती पुढे सरकून बसली, फोटो मांडीवरून उचलून छातीशी धरला.

मुलगी रोज संध्याकाळी सहाच्या गाडीला स्टेशनवर येऊ लागली. मुलगा येईना. एका गाण्यात उन्हाळा गेला, दुसऱ्या गाण्यात बर्फ पडला. मी सांगण्यासारखं जे जे ठाऊक होतं ते सगळं सांगून टाकलं, पंचशील दोनदा झालं.

"बुद्ध कवा येनार पन?" आत्यानं विचारलं.

"येईल, येईल," मी म्हणालो.

आणि आला! मुलगा शहरात अपघातात गेला. देवळात त्याचा अंत्यविधी, उदबत्तीचा धूर, आणि कोपऱ्यात, हाताएवढा का होईना, दगडी बुद्ध! मला रडूच कोसळलं. "नमो बुद्धाय!" मी माइकमध्ये ओरडलो. सगळं समाजमंदिर उठून उभं राहिलं. "साधू! साधू! सा—"

तिसरा साधू तोंडात असतानाच त्या मुलीला जुनं आठवलं. नदीकाठ, गिटार, मुलगा, मुलगी, आणि पडदाभर तो मुका. आम्ही सगळे हात जोडून उभे!

मी धावलो आणि प्रोजेक्टरच्या भिंगासमोर हात धरला. मुका थांबला नाही, फक्त पडद्यावर माझी पाच काळी बोटं उमटली.

मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, निवडणूक आली का काय?"

"हात काढ."

आवाज आईचा होता. मी वळून पाहिलं. ती उभीच होती. "सुधा, हात काढ तिथनं. बघू दे मला."

मी हात काढला.

शेवटी मुलगी पुन्हा स्टेशनवर आली, रिकाम्या फलाटाकडे बघून काहीतरी बोलली, आणि पडद्यावर अंधार झाला. मी दमून सांगितलं, "ती म्हणते, सर्व प्राणी सुखी होवोत."

सतरंज्या काढल्या. उजेडात कुणी माझ्याकडे बघेना. भंतेजी हळूहळू उठले. "आवडतं माणूस जातं, आणि मागे राहिलेल्याला ते सोसावं लागतं," ते म्हणाले. "आज एवढंच पाहिलं. आजच्या दिवसाला ते वावगं नाही." मग माझ्याकडे वळले. "मात्र सुधाकर, त्या मुलीनं एवढा धम्म सांगितला, तो तिच्या तोंडावर काही दिसला नाही."

घरी येऊन मी ओट्यावर तोंड लपवून बसलो. बाबांनी तीस वर्षं ज्या थेरांपासून आईला लांब ठेवलं, ती मी त्यांच्याच स्मृतिदिनी, त्यांचाच फोटो समोर ठेवून तिला दाखवली होती. आई बाहेर आली.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "बाबा असते तर..."

"ते असते तर अर्ध्यातनं उठवून आनलं असतं मला," ती म्हणाली. "शेवट बघायचा राहिला असता." आणि मग ती रडली. वर्षभराचं सगळं रडली, पदर तोंडाला न लावता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

बऱ्याच वेळानं डोळे पुसून तिनं विचारलं, "ती पोरगी शेवटी काय म्हनली रं? खरं सांग. ते सुखी होवोत नव्हतं."

"म्हणाली, तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी उद्या सहाच्या गाडीला मी येणार."

"हां," आई म्हणाली. "मला वाटलंच."

आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तिला पूर्ण सिनेमा कळला होता. माझ्या उत्तम इंग्रजीचा त्यात आलेला अडथळा तिनं मोठ्या मनानं सोसला होता.

शेजारी कुणीतरी खोकलं. आई उठली, आत गेली, आणि या वेळी आधण न उतरवता दोघांचा चहा करून घेऊन आली. कप माझ्या हातात देत म्हणाली, "म्होरल्या सालाला ह्योच पिक्चर आन. पन तू मधी बोलू नको."