कोऱ्या चार ओळी

समन्स आलं त्या सकाळी मी ग्रामपंचायतीत एकाला जन्माचा दाखला काढून देत होते. लिफाफ्यावर माझंच नाव होतं. कोपरगावच्या अलीकडच्या आमच्या गावात समन्स म्हटलं की पोलीस आणि कोर्ट, एवढंच ठाऊक. मी ते दोनदा वाचलं आणि दाखल्यावर भलत्याच बापाचं नाव घातलं.

प्रकरण सरपंचांचं होतं. स्मशानाच्या वाटेवरची कडुलिंबाची सात झाडं त्यांनी सभेत ठराव न घेताच तोडायला लावली, म्हणून विरोधी सदस्यांनी त्यांना पदावरून काढण्यासाठी तक्रार केली होती. हे सदस्य महिनाभर माझ्याकडे प्रोसिडिंग बुक मागत होते. मासिक सभेत झालेला प्रत्येक ठराव त्यात माझ्या अक्षरात असतो. दप्तर बाहेर नेता येत नाही, तुम्हाला तो अधिकार नाही, असं मी ठसक्यात सांगायचे, आणि सांगताना मला फार बरं वाटायचं. आता जिल्हा परिषदेच्या चौकशी अधिकाऱ्यांनी मूळ बुकासह हजर राहायला फर्मावलं होतं. त्यांना तो अधिकार होता, आणि माझा ठसका कुठल्या कुठे गेला.

मला धडकी भरली ती त्या बुकामुळे. बारा वर्षांपूर्वी मी कारकून म्हणून लागले तेव्हा जुन्या ग्रामसेवकांनी शिकवलं होतं, शेवटचा ठराव आणि सह्या यांच्यामध्ये चार ओळी सोडायच्या. आयत्या वेळचा एखादा विषय मागाहून आठवला तर लिहिता येतो. मी कधी का म्हणून विचारलं नाही. झाडं तुटली त्या महिन्याच्या पानावरही चार ओळी कोऱ्या होत्या आणि खाली सगळ्यांच्या सह्या.

दुपारी सरपंच आले, स्वतःच खुर्ची ओढून बसले. माझ्या नोकरीसाठी शब्द टाकला होता तो त्यांनीच.

"ताई, सभेत बोलनं तर झालंच हुतं ना? आपन खोटं काय लिव्हनार हाय? तेवढ्या तीन वळी टाका."

चहा पिताना कुणीतरी झाडांचा विषय काढला होता, एवढंच मला आठवत होतं. ते आवाज चढवत नव्हते, त्याने मी जास्तच घाबरले. उठताना म्हणाले, तुम्हाला कायम करायचा विषय पुढच्याच सभेत घेऊ.

नवरा म्हणाला, नोकरी सांभाळ. पुढचे चार दिवस मी पान उघडायचे, पेनाचं टोपण काढायचे, परत लावायचे. पेन तेच, शाई तीच, अक्षर माझंच. कुणाला कळलं नसतं, आणि हेच मला सहन होत नव्हतं.

हजर राहायच्या दिवशी नगरपर्यंत एसटीत बुक मांडीवर घट्ट धरलं होतं. स्टँडवरून रिक्षात बसले तेव्हाही पर्समधलं पेन चाचपून पाहिलं. अजूनही लिहिता येईल, असं मनात येत होतं.

सुनावणीला सरपंच माझ्या अगदी समोर बसले होते. अधिकाऱ्यांनी नेमकं तेच पान काढलं.

"ही जागा कोरी का?"

लिहायचं राहून गेलं, एवढं म्हटलं असतं तरी सरपंचांचं भागलं असतं. ते माझ्याकडे बघत होते.

"या सभेत झाडांचा ठराव झाला नव्हता, साहेब. जागा मीच सोडली. दर महिन्याला सोडते."

अधिकाऱ्यांनी मागची पानं उलटून पाहिली. मग माझ्याकडून प्रत्येक कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारून घेतली, शेजारी सही आणि तारीख. एकही रेघ सरळ आली नाही.

बाहेर व्हरांड्यात सरपंच एवढंच म्हणाले, "ताई, जागा हुती की."

मी स्टँडकडे चालू लागले. पुढे त्यांचं पद गेलं. मला कारणे दाखवा नोटीस आली, आणि कायम व्हायचं अजून राहिलंच आहे.

तक्रार करणाऱ्यांपैकीच एक जण आता सरपंच आहेत. मी इतकं दाटून लिहिते की सह्या ठरावाला भिडतात. परवा सही करताना त्यांनी पान न्याहाळलं.

"ताई, लई दाटीनं लिव्हता. चार वळी सोडत जा की."

मी बुक मिटलं. पेनाला टोपण लावलं.